शेऱ्याचा रकाना

सहाशे चौदा. हा आकडा सुचितानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, धाकट्या दिराच्या, केतनच्या मोबाइलवर. डॉक्टर हेमाली म्हात्रे यांच्या एका शोधनिबंधाचा आधार जगभरातल्या सहाशे चौदा विद्वानांनी आपापल्या निबंधांत घेतला होता. जपानात घेतला, ब्राझीलमध्ये घेतला, कुठल्याशा बर्फाच्या देशात तर त्यावर आख्खं पुस्तक निघालं. आणि या सहाशे चौदांपैकी एकालाही असं वाटलं नाही, की एकदा रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जावं आणि विचारावं, की बायांनो, तपासणीच्या दिवशी पोरांच्या डोक्याला तेल होतं का?

होतं. चांगलं बोटं बुडतील इतकं होतं. आयांना आपापल्या पोराचं ठाऊक, सगळ्या पोरांचं मात्र जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक सुचिता आणि दुसरी तिची सासू वेणूबाई. त्यातल्या वेणूबाईला हे कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही. आणि सुचितानं तर ते सांगितलंही होतं, एकदा नाही, त्रेचाळीस वेळा, निळ्या शाईनं, स्वच्छ अक्षरात. पण ऐकतंय कोण!

चौदा वर्षांपूर्वी हेमालीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा कोळीवाडा त्यांच्यावर खूश होता. बाई परक्या नव्हत्या. पेणकडच्या आगऱ्यांच्या, आजोबांनी मिठागरावर फावडं मारलेलं, बापानं पुढं ट्रक घेतले. पोरगी शिकत शिकत मुंबईला गेली, तिथून परदेशात जाऊन मेंदूची शास्त्रज्ञ झाली आणि तरीही परत आली. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी बायांना बसवून समजावलं, की तान्ह्या बाळाचा मेंदू कसा तयार होत जातो ते त्यांना मोजायचंय. अठ्ठेचाळीस बाळं कोळीवाड्यातली आणि तेवढीच अलिबागच्या बिल्डिंगींमधली, सगळी सहा महिन्यांच्या आसपासची. सुई नाही, औषध नाही, नुसती एक टोपी घालायची.

टोपी कसली, जाळंच ते. तारांचं, आणि गाठीगाठीला एकेक स्पंज. मिठाच्या पाण्यात बुडवून ते ओलंच पोराच्या डोक्यावर ओढायचं. मग कर्ण्यातून आवाज यायचा, टिंग टिंग टिंग, आणि मध्येच एकदा टुंग. हा टुंग वेगळा आहे हे बाळाच्या मेंदूला कळलं, की डोक्याच्या पुढच्या भागात एक बारीकशी लाट उठते आणि ती यंत्रात दिसते. लाट जेवढी उंच, तेवढा मेंदूचा तो भाग तयार. बायांनी पहिल्या दिवशी हसून घेतलं, की जन्मभर आपण मासे धरले आणि आता पोरं जाळ्यात गेली.

फॉर्म भरायला हेमालीबाईंना गावातलीच कुणीतरी हवी होती. सुचिता बारावी झालेली, लग्नाला तीन वर्षं, कडेवर सहा महिन्यांची जागृती. तिचा नवरा सदा होडीवर. कोळीवाड्यात फॉर्म भरताना जिचा हात थरथरत नाही अशी ती एकटीच. तिला काम मिळालं आणि ती अशी काही मोहरली, की पहिल्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून हॉलवर गेली. घरोघरी फिरून तिनं आयांना बजावलं, की पोराचं डोकं शांपूनं धुऊन आणा, तेलाचा थेंब नको. आयांनी माना डोलावल्या. डोकी धुतलीही. त्या बिचाऱ्यांना कुणी नाव ठेवू नये.

पण हॉलच्या दाराशी वेणूबाई बसलेली.

तिला तिथं बसवलं होतं खुद्द हेमालीबाईंनी. वेणूबाई म्हणजे कोळीवाड्यातल्या तीन पिढ्यांना न्हाऊमाखू घातलेली बाई. तिच्या मांडीवर पोर रडत नाही, म्हणून बाईंनी हात धरून विनंती केली, की आजी, तुम्ही दाराशी बसा, पोरांना धीर येईल. वेणूबाई बसली. सोबत तिची खोबरेल तेलाची पितळी वाटी, ती काय घरी ठेवणार होती? बाळाच्या डोक्यावर पुढं मऊ जागा असते, बोट ठेवलं की ठोका लागतो, ती टाळू. ती तेलानं भरलेली पाहिजे. कोरड्या टाळूचं पोर चार माणसांत कुणी आणत नाही, हे वेणूबाईला तिच्या आजेसासूनं शिकवलेलं. त्यामुळं धुतल्या डोक्याचं पोर दाराशी आलं, की वेणूबाई हळहळायची, आईला दोन शब्द सुनवायची आणि तीन बोटं तेलात बुडवून टाळू थापून भरायची. मग पोर आत जायचं. आणि ती लाट टिपणारे स्पंज नेमके कुठं बसायचे? टाळूच्या अवतीभवती.

सुचितानं हे पहिल्याच सकाळी पाहिलं. आता तुम्ही म्हणाल, मग बोलली का नाही? अहो, कशी बोलणार? तीन वर्षांची सून, पंधरा-वीस बायांच्या देखत सासूला म्हणणार, की आई, तेलाचा हात आवरा? त्या दिवशी ती बोलली असती तर संध्याकाळी घरात चूल पेटली नसती. तरी तिनं यंत्रावरच्या मितेशला हळूच सांगितलं. मितेश मुंबईचा, बाईंचा मदतनीस, बिचारा दिवसभर वीज जाते म्हणून कावलेला. त्यानं पडद्याकडं पाहिलं. स्पंज नीट लागला की हिरवा ठिपका, अजिबात लागला नाही की लाल. टाळूजवळचे ठिपके पिवळे होते. पिवळं चालतं, तो म्हणाला, तुम्ही शेऱ्यात लिहून ठेवा.

तर सुचितानं लिहून ठेवलं. फॉर्मवर बाळाचं नाव, वय, वजन, यंत्रानं दाखवलेली लाटेची उंची आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना. लाइट जाऊन आकडे उडायचे, म्हणून लाटेची उंचीही हातानंच लिहायची. शेऱ्यात ती लिहायची, 'टाळू भरलेली.' क्रमांक एक, टाळू भरलेली. क्रमांक दोन, टाळू भरलेली. क्रमांक अकरा तिची स्वतःचीच जागृती, टाळू भरलेली, आजीनं दारात. पांढरी प्रत मुंबईला जायची, कार्बनखालची गुलाबी तिच्याकडं राहायची. शेरा लिहिला म्हणजे वरच्यांना कळवलं, हे आपल्याकडं तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना शिकवलेलं असतं. तीही तेच शिकली होती. शिकलेली माणसं शेवटचा रकाना वाचतात, अशी तिची भाबडी समजूत होती.

तीन वर्षांनी निबंध छापून आला. त्यात म्हटलं होतं, की अलिबागच्या बाळांची लाट आठ-नऊ उंचीची आणि किनाऱ्यावरच्या बाळांची चार-पाच. म्हणजे कोळ्यांच्या पोरांचा मेंदूचा पुढचा भाग मागं पडलेला. त्याला बाईंनी नाव दिलं 'किनारी विलंब'. कारणं शोधली तीही हुशारीनं: चुलीचा धूर, मासळी सुकवण्याचा वास, होड्यांच्या इंजिनांचा आवाज, आयांची अपुरी झोप. झाला बोलबाला. बाईंना परदेशात बोलावणी आली, मुंबईत स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, हाताखाली विद्यार्थी आले आणि त्या विद्यार्थ्यांनी किनारी विलंबावर पदव्या मिळवल्या. निबंधाच्या शेवटच्या ओळीत आभार मानताना सुचिताचं नाव होतं. तिनं ते पान फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. सांगायला लाज वाटते तिला आता, पण लावलं होतं.

पुढं एका भल्या संस्थेनं तो निबंध वाचला आणि किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये वेगळे वर्ग काढले. किनारी साहाय्य वर्ग. हेतू चांगलाच होता, म्हणूनच तर कुणी भांडू शकलं नाही. कोळीवाड्यातली पोरं दुसरीपासून वेगळ्या खोलीत. भिंतीवर रंगीत चित्रं, हसऱ्या ताई, अभ्यास निम्मा. बीजगणित नाही, कारण ताण नको. विज्ञानाचे प्रयोग बघायचे, करायचे नाहीत. सल्लागार म्हणून वर डॉक्टर हेमाली म्हात्रे यांचं नाव. जागृती त्या वर्गात गेली तेव्हा सुचिताला बरंच वाटलं होतं, पोरीकडं कुणी लक्ष देतंय म्हणून.

आणि पोरगी कशी? वडलांच्या होडीवर मासे दाखवणारं नवं यंत्र आणलं, तेव्हा सदानं आणि केतननं दोन दिवस त्याच्याशी झटापट केली. शेवटी जागृतीनं चित्रं बघून ते लावलं, वर बापाला सांगितलं, की तुम्ही वायर उलटी लावली होती. तेव्हा ती सातवीत होती.

यंदा नववीत जिल्ह्याच्या विज्ञान परीक्षेचे फॉर्म निघाले. पास होणाऱ्या पोरांना दोन वर्षं अलिबागच्या कॉलेजात खऱ्या प्रयोगशाळेत शिकवणार. सुचिता हौसेनं फॉर्म घेऊन घरी आली. जागृती जाळ्याचा दोरा गुंडाळत होती. तिनं फॉर्मकडं बघितलंही नाही.

"आई, ते आमच्यासाठी न्हाय. आमचा मेंदू उशिराचा हाय ना."

रडून नाही, चिडून नाही. आज बुधवार आहे म्हणावं, तसं. सुचिता तशीच शाळेत धावली. मुख्याध्यापक सभ्य माणूस, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की साहाय्य वर्गातल्या मुलांना या परीक्षेला बसवू नये असं संस्थेचं पत्र आहे. सल्लागार बाईंचं लेखी आलं तर माझी काही हरकत नाही. फॉर्मची मुदत महिनाअखेर. तिनं विचारलं, सर, तुम्ही शिकवता तिला, तुम्हाला काय वाटतं? सर म्हणाले, माझ्या वाटण्याला कोण विचारतं, सहाशे लोकांनी मान्य केलेलं संशोधन आहे ते.

त्या दिवशी घरी येऊन तिनं केतनकडून तो आकडा काढून घेतला आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. गुलाबी कागद होते. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण होते. त्रेचाळीस वेळा टाळू भरलेली.

मग सुरू झाली फोनाफोनी. प्रयोगशाळेतला फोन घेणारा विचारायचा, कोण बोलतंय, कुठल्या विद्यापीठातून? ती सांगायची, रेवदंड्यातून. तिकडून, बरं, नोंदवून घेतो. तिनं केतनकडून ईमेल लिहून घेतला, उत्तर आलं, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. म्हणजे चौदा वर्षांनी परत शेऱ्याचा रकाना! शेवटी मितेशचा नंबर मिळाला. तो आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर होता, बोलला मात्र आपुलकीनं. त्यानं आठवून सांगितलं, की कॉम्प्युटरमध्ये माहिती भरताना शेऱ्याला जागाच नव्हती. आकड्यांचेच रकाने होते. 'टाळू भरलेली' याला काय आकडा देणार? म्हणून तो रकाना सोडून दिला. सुचितानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातली भांडी अशी काही घासली, की शेजारणीनं येऊन विचारलं, काय झालं.

घरात वेगळाच तमाशा. वेणूबाईला तिनं समजवायला घेतलं, तर म्हातारीनं तोंड फिरवलं. माझ्या तेलानं पोरं बिघडली म्हणतेस? सत्तर वर्षांत एका पोराचं डोकं वाकडं झालेलं दाखव. सुचिता म्हणाली, पोरं न्हाय बिघडली हो आई, मोजमाप बिघडलं. तर म्हणते, मग मोजमापाला लाव तेल. सदा हसला, आणि त्याच्याकडं तर सुचितानं असं बघितलं, की तो जेवण अर्धं टाकून जेट्टीवर गेला. सगळ्यांना सगळं गमतीचं वाटतं. एकटीचाच जीव जळतो तो जळतोच.

तीन दिवस जागृती आईचा हा आटापिटा बघत होती. चौथ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं ते गुलाबी कागद ओटीवर मांडले आणि एकेक वाचत गेली. अकरा नंबरच्या कागदावर थांबली. आईचं अक्षर तिला ओळखू आलं.

"तुला तवाच म्हाईत व्हतं?"

सुचिता भाजी निवडत होती. व्हय, ती म्हणाली. मग चौदा वर्षं बोलली का न्हाईस, हे पोरीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द सांगता आले असते, सासूचे, मितेशचे, शेऱ्याचे. ती नुसती बघत राहिली आणि सुचिताला पहिल्यांदा कळलं, की आपण ज्यांच्यावर दात खातोय त्यांच्या यादीत आपलंही नाव आहे. फ्रेममधल्या पानावर होतंच की.

जागृतीनं मान खाली घातली आणि परत कागदांत शिरली. थोड्या वेळानं तिनं पाच कागद बाजूला काढले. या पाचांवर शेरा न्हाय, ती म्हणाली, आणि यांची लाट बघ. आठ. नऊ. आठ. साडेआठ. नऊ. पाचही एकाच आठवड्यातली. सुचितानं तारखा बघितल्या. तो आठवडा तिला चांगला आठवत होता. वेणूबाई बायांबरोबर हरिहरेश्वरला गेली होती आणि वाटेत श्रीवर्धनला बहिणीकडं चार दिवस राहिली होती. त्या दिवसांत दाराशी कुणी नव्हतं. पाच पोरं धुतल्या डोक्यानं आत गेली आणि पाचांची लाट अलिबागच्या पोरांएवढी उठली.

सुचितानं ते पाच कागद पुन्हा एकदा मोजले. चौदा वर्षं हे कागद तिच्या झोपण्याच्या जागेखाली होते, आणि पांढरे कागद जगातल्या शहाण्यांच्या हाताखाली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते उशिराचा मेंदू असलेल्या पोरीच्या, शाळेचा गणवेशही बदलायच्या आत.

महिना संपायला दोन दिवस होते आणि हेमालीबाईंचं अलिबागला व्याख्यान होतं. मायलेकी रिक्षानं गेल्या. हॉल गच्च भरलेला. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच, मऊ, समजावणारा. पडद्यावर आलेख आला, अलिबागची लाट उंच, किनाऱ्याची बुटकी. त्या बुटक्या रेघेत आपली पोरगी आहे, हे सुचिताला दिसत होतं आणि तिचे कान तापले होते. प्रश्नांच्या वेळी तिनं हात वर केला. माइक पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांकडं गेला. तिथून तो परत आलाच नाही. वेळ संपल्याचं जाहीर झालं, पुष्पगुच्छ, आभार, चहा.

पण सुचिता काही माइकसाठी आली नव्हती. ती जिन्याखालच्या दाराशी उभी राहिली. बाई आल्या आणि तिला बघून खरोखर थांबल्या. नावानं हाक मारली, वेणूआजी कशा आहेत विचारलं. सुचितानं पिशवीतून कागद काढले. बाजूच्या खोलीत टेबल होतं, तिथं बाई बसल्या. सुचितानं सगळं सांगितलं, दारातल्या वाटीपासून हरिहरेश्वरपर्यंत. बाई एकेक कागद उलटत होत्या. विसाव्या कागदानंतर त्यांनी उलटणं थांबवलं. त्यांचा हात सहज स्वतःच्या डोक्यावर गेला होता, पुढच्या बाजूला.

हातातला कागद त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाल्या, की त्यांच्या आजीनं त्यांचीही टाळू भरली होती, चांगली दोन वर्षांची होईपर्यंत. त्यांना हे सुचायला हवं होतं. बाहेरच्या दोन देशांत लोकांनी हा प्रयोग करून बघितला होता आणि त्यांना विलंब सापडला नव्हता. त्या लोकांना आपण काय लिहिलं तेही त्यांनी सांगितलं: तुमचा किनारा वेगळा. हे सांगताना बाईंनी सुचिताकडं बघितलं नाही.

सुचिताला वाटलं, सुटलो. तिनं परीक्षेचा फॉर्म काढला, पत्राचं सांगितलं. बाईंनी लगेच आपल्या नावाचा कागद घेतला, झरझर लिहिलं आणि सही करून पुढं सरकवला. सुचितानं वाचलं. 'कु. जागृती ही विद्यार्थिनी असाधारण बुद्धिमत्तेची असून किनारी विलंबाला अपवाद आहे. तरी तिला परीक्षेस बसू द्यावे.'

खोटं कशाला सांगा, सुचिताचा हात ते पत्र घ्यायला पुढं झाला होता. एवढंच तर मागायला ती आली होती. उद्या शाळेत द्यायचं, परवा मुदत, पोरगी परीक्षेला. कुठल्याही आईनं घेतलं असतं. पण तिनं विचारलं, मॅडम, आणि बाकीची? हिच्या वर्गात सव्वीस पोरं हायत.

बाईंनी चष्मा काढला. "सुचिता, या एका निबंधावर माझ्या अकरा विद्यार्थ्यांच्या पदव्या उभ्या आहेत. तो मागं घ्यायचा म्हणजे माझी चौदा वर्षं गेली."

"आमची पन चौदाच गेली," सुचिता म्हणाली.

बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केलं, मॅडम, गाडी लागली आहे. बाई उठल्या नाहीत. पाच मुलांवरून काही सिद्ध होत नाही, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, पण त्यांच्या आवाजात आता व्याख्यानातला मऊपणा नव्हता.

जागृती टेबलाजवळ आली. तिनं पत्र उचललं, सावकाश वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग ती वडलांच्या होडीवरच्या यंत्राबद्दल बोलायला लागली. सुचिताला वाटलं, पोरगी घाबरून भलतंच बोलतेय. पण ती घाबरली नव्हती. यंत्राचा डोळा होडीच्या तळाला असतो, ती म्हणाली, त्यावर शेवाळ बसलं की पडद्यावर मासे कमी दिसतात. बाबा म्हणून काय मासे कमी झाले म्हणत न्हाईत, खाली उतरून डोळा पुसतात.

"मी अपवाद न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "माझी पन टाळू भरलेली व्हती."

पुन्हा टकटक झाली. बाईंनी दाराकडं न बघता सांगितलं, गाडी थांबू दे. त्यांनी ते पत्र ओढून घेतलं. सही झालेलं पत्र होतं ते, मुदत परवाची, आणि दुसरं मिळेल की नाही कोण जाणे. बाईंनी पत्र उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीशिवायच उभ्या रेघा मारल्या. क्रमांक, नाव, लाट, शेरा. पेन हातात धरून त्या जागृतीला म्हणाल्या, वाच.

जागृती वाचू लागली आणि मेंदूच्या शास्त्रज्ञ डॉक्टर हेमाली म्हात्रे शाळेतल्या मुलीसारख्या उतरवून घेऊ लागल्या. क्रमांक एक. टाळू भरलेली. क्रमांक दोन. टाळू भरलेली. बाहेर आयोजकांची कुजबुज चालली होती, चहाचे कप गोळा होत होते. सुचिता परीक्षेचा कोरा फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती. तिला आनंद होत नव्हता. तिला हा रकाना चौदा वर्षांपूर्वी भरलेला हवा होता, ज्या दिवशी तिनं तो भरला त्याच दिवशी.

"क्रमांक अकरा," जागृतीनं वाचलं. "लाट साडेचार."

बाईंचं पेन थांबलं. "नाव?"

"जागृती."

"शेरा काय लिवलाय?" बाईंनी विचारलं. चौदा वर्षांत त्या सुचितासमोर कधी घरच्या बोलीत बोलल्या नव्हत्या.

"टाळू भरलेली. आजीनं दारात."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले. अजून सदतीस पोरं बाकी होती.